टाकलेली यंत्रे, मिळवलेले ज्ञान : जुन्या संगणकांच्या पुनरुज्जीवनाचा एक अभ्यास

आपल्या काळातील सर्वांत अल्पायुषी यंत्र कोणते, असे विचारले तर संगणकाचे नाव घ्यावे लागेल. आजीचे शिवणयंत्र नातीच्या हाती चालते, विहिरीवरचे इंजिन दोन पिढ्या पाणी उपसते. संगणक मात्र आठ-दहा वर्षांत टेबलावरून अडगळीत आणि अडगळीतून भंगाराच्या गाडीवर जातो. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन आणि पुनर्चक्रण रीतसर झाल्याची नोंद आहे. उरलेला कचरा घरांच्या माळ्यावर, उकिरड्यावर किंवा तो हातांनी फोडून पोट भरणाऱ्या माणसांकडे गेला.

या ढिगातून जुने संगणक आणि त्यांचे सुटे भाग वेचून ते पुन्हा चालू करणे, या उद्योगाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय वरवर तांत्रिक दिसतो. परंतु आपल्यासारख्या समाजाने आणि आपल्यासारख्या निवासी शाळेने त्याकडे पाहिले की तो सामाजिक होतो. टाकून दिलेल्या यंत्राचे मोल दोन प्रकारचे असते. एक वजनाचे आणि दुसरे ज्ञानाचे. तांबे, पत्रा, प्लास्टिक यांचे मोल तराजूवर होते. ते यंत्र कसे बनले, कसे चालले, का बंद पडले आणि त्यात काय साठवले आहे, हे मोल केवळ ते उघडून समजून घेणाऱ्याला मिळते. आपल्या लोकांच्या वाट्याला आजवर तराजूचे मोल आले. ज्ञानाचे मोल कसे मिळवावे, हा या लेखाचा विषय आहे.

१. एक रास्त आक्षेप

हा विषय काढला की पालकांच्या मनात प्रथम एक आक्षेप उभा राहतो आणि तो रास्त आहे. दुसऱ्यांनी टाकलेले पुन्हा आपल्याच मुलांनी का उचलावे?

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असा दंडक सांगितला आहे. म्हणजे टाकाऊ वस्तू वापरणे ही एका समूहाची गरज नव्हती, ती त्याच्यावर लादलेली ओळख होती. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि शिळेपाके तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन घटनांचा संबंध येथे ध्यानात येतो. उष्टे नाकारणे आणि उष्टे लादणारा ग्रंथ नाकारणे, ही एकाच लढ्याची दोन पावले होती.

तरीही कचरा आणि जात यांचे नाते पूर्णपणे तुटले नाही. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासदांत दलित स्त्रियांची बहुसंख्या आहे, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. या कष्टकरी स्त्रियांनी संघटित होऊन ओळखपत्रे मिळवली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभारून महानगरपालिकेशी करार केला. कचऱ्याच्या कामाला त्यांनी हक्काचे आणि सन्मानाचे रूप दिले, हे त्यांचे मोठे कर्तृत्व आहे. परंतु त्यांनी वेचलेल्या यंत्रात काय दडले होते, हे शिकण्याची संधी व्यवस्थेने त्यांना दिली नाही. मदरबोर्ड त्यांच्या हातून किलोच्या भावाने गेला आणि त्याचे ज्ञान दुसरीकडेच राहिले.

तेव्हा आक्षेपाचे उत्तर असे देता येईल. टाकलेली वस्तू उचलण्यात हीनता नाही. ती उचलण्याची सक्ती होणे आणि ती उघडण्याचा अधिकार नसणे, यांत हीनता आहे. हे दोन्ही बदलले की तीच कृती वेगळी होते. आपल्या धम्माच्या इतिहासात याचा स्पष्ट दाखला आहे.

२. पंसुकूल

भिक्खूंच्या चीवराचा एक प्राचीन प्रकार ‘पंसुकूल’ या नावाने ओळखला जातो. धुळीच्या ढिगावर, रस्त्याच्या कडेला, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करायच्या, धुवायच्या, रंगवायच्या आणि शिवून त्यांचे वस्त्र करायचे. तथागतांनी स्वतः असे चीवर धारण केले आणि महाकस्सपांशी त्याची अदलाबदल केली, ही घटना बौद्ध परंपरेत फार आदराने सांगितली जाते. प्रेतावरचे वस्त्र मनूने शिक्षा म्हणून दिले होते. संघाने तशाच टाकलेल्या वस्त्राला राजपुत्रापासून न्हाव्यापर्यंत सर्वांचा एकच पोशाख केले. वस्तू जवळजवळ तीच. फरक निवडीचा, समतेचा आणि कौशल्याचा.

कौशल्याचा मुद्दा विनयातील आणखी एका कथेत येतो. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण काय करणार, अशी शंका राजाला आली आणि त्याने ती थेट विचारली. आनंदांनी क्रमाने उत्तर दिले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटली जातील. जुन्या चीवरांचे पलंगपोस होतील, जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरणे, अंथरणांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झाडायची फडकी होतील. आणि फडकी फाटली की ती कुटून, चिखलात कालवून त्याने जमीन लिंपली जाईल. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली.

आज ज्याला पुनर्वापराची साखळी म्हणतात, तिचे याहून नेटके वर्णन मिळणे कठीण आहे. या कथेतला हिशोबही पाहण्यासारखा आहे. दान घेणाऱ्याला दाता प्रश्न विचारू शकतो आणि घेणारा प्रत्येक वस्तूचा शेवटपर्यंतचा जाब देऊ शकतो. जुन्या यंत्रांच्या बाबतीत आपल्याला हीच शिस्त हवी आहे.

३. मोडतोडीतून उभे राहिलेले संगणक

संगणकाचा इतिहास चकचकीत प्रयोगशाळांतून सुरू झाला, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्याची सुरुवात बऱ्याच अंशी युद्धानंतर उरलेल्या सामानातून झाली. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी ज्या छोट्या यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला कार्यक्रम पहिल्यांदा चालवला, त्यातील निर्वात नळ्या आणि चौकटी मुख्यतः युद्धकाळातील शिल्लक साठ्यातून आल्या होत्या. रडारच्या पडद्यासाठी विकसित झालेल्या नळीलाच तेथे स्मृती म्हणून वापरले गेले. त्याच बेटावरील ब्लेचली पार्क येथे युद्धकाळात बनवलेले ‘कोलॉसस’ संगणक गुप्ततेसाठी नंतर मोडण्यात आले आणि त्यांचे आराखडे जाळण्यात आले. टोनी सेल या अभियंत्याने १९९३ मध्ये काही मोजकी छायाचित्रे आणि जुन्या अभियंत्यांनी जपून ठेवलेले आराखड्यांचे तुकडे एवढ्याच साधनांवर त्याची पुनर्बांधणी हाती घेतली. बंद पडलेल्या टेलिफोन एक्सचेंजमधील भागही त्यात उपयोगी पडले. हे काम २००७ मध्ये पूर्ण झाले.

आपल्या शाळेला सर्वांत जवळचा वाटेल असा दाखला मात्र हार्वेल येथील संगणकाचा आहे. १९५१ पासून अणुसंशोधनासाठी वापरलेले हे यंत्र १९५७ मध्ये जुने ठरले. ते मोडीत काढण्याऐवजी महाविद्यालयांसाठी स्पर्धा ठेवण्यात आली : या यंत्राचा उत्तम शैक्षणिक उपयोग कोण करील? वुल्व्हरहॅम्प्टन येथील तंत्रमहाविद्यालयाने ती जिंकली आणि १९७३ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, विद्यार्थी त्यावर शिकले. एका गुणाकाराला त्याला काही सेकंद लागत. हा संथपणाच अध्यापनाला उपयोगी पडला, कारण आकडे सरकताना डोळ्यांना दिसत. पुढे ते संग्रहालयात आणि नंतर गोदामात गेले. २०१२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि चालू अवस्थेतील जगातील सर्वांत जुना मूळ अंकीय संगणक म्हणून आज ओळखले जाते.

महाराष्ट्रातही अशा स्वावलंबनाची परंपरा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण गटाने १९५६ मध्ये प्रायोगिक संगणक तयार केला. त्यातून १९६० पर्यंत पूर्ण आकाराचे यंत्र उभे राहिले. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक यांचे ते यंत्र अठरा फूट लांबीच्या पोलादी चौकटीत बसवलेले होते. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकी बनावटीचा मोठा संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस संपले. वेगाच्या मोजमापात ते मागे पडले होते, हे खरे. परंतु ते घडवताना तयार झालेली माणसे भारतीय संगणकशास्त्राचा पाया ठरली.

याच काळातील एक विरुद्ध उदाहरणही लक्षात ठेवावे. आयबीएम ही कंपनी परदेशात वापरून जुने झालेले १४०१ जातीचे संगणक भारतात आणून, दुरुस्त करून भाड्याने देत असे. जुने यंत्र, नवे भाडे. आणि मालकी शेवटपर्यंत कंपनीची. संसदेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारावर कठोर टीका केली. भारतीय भागभांडवलाच्या अटीवरून मतभेद होऊन कंपनी १९७८ मध्ये देशातून निघून गेली. टिफ्रॅक आपले होते, कारण ते उघडता येत होते. भाड्याचे १४०१ आपल्या देशातच दुरुस्त होत असूनही परके राहिले. यंत्र जुने की नवे यापेक्षा त्याच्यावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

४. अडगळीत काय सापडेल?

आपल्या जिल्ह्यातील शाळा, पतसंस्था, छापखाने आणि घरांच्या माळ्यांवर कोणत्या पिढ्यांची यंत्रे असू शकतात, याची थोडी ओळख हवी. नाहीतर मोलाची वस्तू ओळखण्याआधीच तराजूवर जाते.

भारत सरकारने १९८४ मध्ये शालेय संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला आणि प्रारंभी सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो जातीचे संगणक दिले. त्याच दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवान्याखाली ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हा छोटा घरगुती संगणक बाजारात आणला. घरचा दूरचित्रवाणी संच त्याचा पडदा होई आणि साध्या कॅसेटवर त्याचे कार्यक्रम साठवले जात. त्यानंतर पीसी-एक्सटी, २८६, ३८६, ४८६ आणि पेंटियम अशा पिढ्या आल्या. सव्वापाच इंची मऊ फ्लॉपी आणि नंतरची साडेतीन इंची १.४४ मेगाबाइटची कडक फ्लॉपी, ही या यंत्रांची वयखूण समजावी.

या सर्वांत आपल्या दृष्टीने एक भाग विशेष जपण्यासारखा आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे संशोधन १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आले. तेथून ‘जिस्ट’ कार्ड प्रसिद्ध झाले. हे कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की इंग्रजीपुरता चालणारा पडदा देवनागरी दाखवू लागे. पुढे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचे ‘श्रीलिपी’ आणि त्यासारखी इतर सॉफ्टवेअर छापखान्यांत रूढ झाली. त्यांतील काहींना संगणकाच्या मागे लावायचे ‘लॉक’ लागत असे. ते हरवले की सॉफ्टवेअर मुके होई.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला काळजी वाटावी अशी गोष्ट आहे. १९९० नंतरच्या दोन दशकांत आपल्या चळवळीचे असंख्य लिखाण याच यंत्रांवर जुळवले गेले. जयंतीच्या स्मरणिका, धम्मपरिषदांची पत्रके, नामांतराच्या काळातील निवेदने, छोट्या गावांतील अनियतकालिके, आंबेडकरी जलशांच्या संहिता असे हे साहित्य आहे. प्रती मोजक्या छापल्या जात आणि वाटल्या जात. मूळ मजकूर फ्लॉपीवर किंवा छापखान्याच्या जुन्या हार्डडिस्कवर राही. त्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असल्यामुळे आजच्या संगणकावर उघडल्या तर निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो, त्याची किल्ली हरवलेली असते. ती किल्ली म्हणजे तो जुना संगणक, तो फ्लॉपी ड्राइव्ह, तो फॉन्ट आणि ते लॉक. छापखाना बंद होताना हे सारे तीस-चाळीस किलोच्या भावात जाते आणि त्याबरोबर आपल्या इतिहासाचे एक साधनही जाते. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, त्यांना अशी हानी परवडणारी नाही.

५. उत्खननाची शिस्त

आपल्या जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी भोन हे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तेथे विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी आढळल्या. जिगाव प्रकल्पाच्या पाण्यामुळे या स्थळाच्या भवितव्याची चिंता अभ्यासकांनी वारंवार व्यक्त केली आहे. भोनच्या जमिनीतून निघालेली वीट बाजारात कवडीमोलाची ठरेल. ती कोणत्या थरात, कोणत्या वस्तूंच्या शेजारी मिळाली, याची नोंद असल्यामुळेच ती पुरावा होते. नोंदीशिवाय उचललेली वस्तू इतिहासाच्या दृष्टीने अर्धी मेलेली असते.

जुना संगणक उघडतानाही हीच रीत पाळावी. काम पुढील क्रमाने करावे.

पहिली पायरी नोंदीची. यंत्र कोठून आले, कोणत्या कामासाठी वापरले जात होते, शेवटचे केव्हा चालले, हे वहीत लिहावे. झाकण काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर छायाचित्र घ्यावे. कोणती केबल कोठे होती, कोणता स्क्रू कोणत्या भोकातला, हे कागदावर मांडावे.

दुसरी पायरी निरीक्षणाची. जुने यंत्र सापडताच त्याला वीज देण्याचा मोह आवरावा. प्रथम मदरबोर्ड नीट पाहावा. ३८६-४८६ काळातील बोर्डांवर बॅरलच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळली की हिरवट थर पसरतो आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. अशी बॅटरी सर्वप्रथम काढावी. तिचा द्राव अल्कधर्मी असतो, म्हणून पातळ व्हिनेगरने तो भाग पुसून, पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळवावा. २००० सालाच्या आसपासच्या बोर्डांवर कपॅसिटरची टोपी फुगलेली दिसते. सदोष द्रवामुळे त्या काळात जगभर असंख्य बोर्ड असे निकामी झाले. तेवढ्याच क्षमतेचा आणि तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा कपॅसिटर, धन-ऋण टोके पाहून बसवला की अनेकदा बोर्ड जिवंत होतो.

तिसरी पायरी वीज देण्याची. ती शिक्षकाने किंवा जाणकार तंत्रज्ञानेच करावी. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर पूर्वीपासून सिरीज बल्ब वापरतात. यंत्राच्या वाटेत जुना तारेचा शंभर वॅटचा बल्ब जोडलेला असतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रखर पेटतो आणि यंत्र वाचते. सारे ठीक असेल तर तो क्षणभर लखलखून मंद होतो. ही युक्ती आपल्या गावच्या कारागिराकडून शिकण्यासारखी आहे. त्याला शाळेत सन्मानाने बोलवावे.

चौथी पायरी कारण शोधण्याची, आणि शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. यंत्र सुरू झाले नाही तर सगळे भाग एकदम बदलू नयेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. रॅमच्या पट्टीची टोके साध्या खोडरबराने हलकेच घासून पुन्हा बसवावी. किती बीप वाजतात ते ऐकावे आणि लिहावे. कारणाशिवाय परिणाम नाही आणि कारण दूर केले की परिणाम दूर होतो, ही तथागतांची प्रतीत्यसमुत्पादाची दृष्टी येथे विद्यार्थ्याच्या बोटांना समजते. यंत्रावर नारळ फोडून ते सुरू होत नाही आणि कोणाच्या नजरेने ते बंद पडत नाही, हे सांगायला मग वेगळे व्याख्यान लागत नाही.

पाचवी पायरी साठवलेल्या मजकुराची. फ्लॉपी किंवा हार्डडिस्क वाचली गेली तर मूळ वस्तूवर काहीही न लिहिता आधी तिची पूर्ण प्रत घ्यावी आणि नंतरच मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम करावे. एखाद्याची खासगी माहिती आढळली तर ती वाचू नये. मालकाला विचारून पुसून टाकावी.

६. जे उघडू नये, जे जाळू नये

उत्साहाच्या भरात जीव धोक्यात येऊ नये, यासाठी काही मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. जुन्या फुगीर पडद्याचा मॉनिटर विद्यार्थ्यांनी कदापि उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्याच्या नळीत हजारो व्होल्टचा भार राहू शकतो आणि त्याच्या काचेत शिसे असते. पॉवर सप्लायच्या डब्यातही मोठे कपॅसिटर काही काळ धोकादायक भार धरून ठेवतात. सोल्डरिंग हवेशीर जागी करावे आणि नंतर हात धुवावेत, कारण जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते.

तांब्यासाठी केबल जाळणे आणि सोन्यासाठी बोर्ड आम्लात टाकणे, हे प्रकार पूर्ण वर्ज्य मानावेत. एक टन संगणकीय बोर्डांत एक टन खनिजापेक्षा कितीतरी पट अधिक सोने असते, हे खरे आहे आणि म्हणूनच लोक हा धोका पत्करतात. परंतु जळत्या केबलच्या आवरणातून डायॉक्सिनसारखी विषे हवेत जातात आणि आम्लाचे पाणी जमिनीत मुरते. ते विष पोहोचते तेही त्याच वस्त्यांत, जिथे आपले लोक राहतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत नूतनीकरण करणारे आणि पुनर्चक्रण करणारे या दोघांनाही नोंदणी बंधनकारक आहे. दुरुस्तीला कायद्याने एक स्वतंत्र काम म्हणून मान्यता दिली आहे, ही बाब आपल्या तरुणांनी व्यवसायाच्या दृष्टीनेही पाहावी. जे दुरुस्त होणार नाही ते नोंदणीकृत संस्थेलाच द्यावे. आनंदांच्या साखळीत फडक्यांनाही शेवटचे ठिकाण होते. आपल्या साखळीतही ते हवे.

७. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना

बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात एक दूरदृष्टीचा मुद्दा मांडला होता. अस्पृश्य समाजाला केवळ कला आणि कायद्याचे शिक्षण पुरणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण त्याला मिळाले पाहिजे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मागणीचा गाभा आजही तसाच आहे. संगणक वापरता येणे आणि संगणक समजणे यांत मोठे अंतर आहे. बंद डबा वापरणारा ग्राहक होतो. डबा उघडणारा तंत्रज्ञ, अभियंता, संशोधक होऊ शकतो. नवा महागडा संगणक कोणती शाळा विद्यार्थ्यांना उघडायला देईल? आधीच टाकलेला संगणक मात्र निर्भयपणे उघडता येतो. आपल्यासारख्या शाळेला भंगारातून मिळू शकणारा हा सर्वांत मोठा लाभ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू करून हाताने काम करत शिकण्याची वाट ग्रामीण महाराष्ट्राला दाखवली. ती वाट आपल्यालाही खुली आहे.

यासाठी शाळेत एक छोटी खोली, दोन मजबूत टेबले, मल्टिमीटर, सोल्डरिंग संच, सिरीज बल्ब, अर्थिंगची खात्री आणि एक नोंदवही एवढी तयारी पुरेशी आहे. आठवी-नववीच्या मुला-मुलींचे मिश्र गट करावेत. मुली टिपणे घेतील आणि मुले पेचकस धरतील, अशी वाटणी आपोआप होऊ देऊ नये.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज पुणे, मुंबई, नागपूर येथील कार्यालयांत जबाबदारीच्या जागांवर आहेत. त्यांना एक स्पष्ट विनंती आहे. कार्यालय रिकामे करण्यासाठी निकामी संगणकांचा टेम्पो ग्रामीण शाळेत पाठवणे आणि त्याचे छायाचित्र काढणे, याला दान म्हणता येत नाही. तो कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च गरिबांच्या दारात टाकण्याचा प्रकार आहे आणि तो नाकारण्याचा अधिकार शाळेने राखून ठेवावा. द्यायचे असेल तर यंत्राबरोबर त्याचा इतिहास लिहून द्यावा, चालू काय आणि बंद काय ते प्रामाणिकपणे सांगावे, आणि वर्षातून दोन दिवस स्वतः येऊन विद्यार्थ्यांसोबत ते उघडावे. यंत्रापेक्षा हे दोन दिवस अधिक मोलाचे आहेत.

पालकांनी आणि समाजबांधवांनी आपल्या माळ्यावर एकदा नजर टाकावी. गावातील बंद पडलेल्या छापखान्याच्या मालकाशी बोलावे. जुन्या स्मरणिका, फ्लॉप्या, सीडी, फॉन्टच्या डिस्क, ती छोटी लॉक्स भंगाराच्या गाडीवर देण्यापूर्वी शाळेला कळवावे. त्यांतून एखाद्या गावच्या पहिल्या बुद्धविहाराच्या वर्गणीची यादी निघेल, एखाद्या कार्यकर्त्याचे अप्रकाशित भाषण निघेल, एखाद्या माउलीच्या ओव्या निघतील. पंसुकूलाची चिंधी चीवर झाली, कारण कोणीतरी ती धुतली, मापली आणि शिवली. आपल्या दारातून जाणाऱ्या भंगाराच्या गाडीला थांबवून त्यातले आपले काय आहे, हे तपासण्याइतके शिक्षण आपल्याला बाबासाहेबांनी मिळवून दिले आहे. त्याचा उपयोग करणे एवढेच आता आपल्या हाती आहे.